संस्था विसरते

पाकीट उघडायला कात्री सापडेना, म्हणून मी स्टीलची पट्टी आत घातली, तर ते सरळ फाटायचं सोडून कोपऱ्यातून तिरकं फाटलं. विभागप्रमुख समोर बसले होते. नियमच तसा होता. उत्तरदात्यांच्या नावांची यादी त्यांच्या कपाटात, मोहोरबंद, आणि उघडायचीच झाली तर दोघांच्या देखत, दोघांच्या सह्यांनी. "बघा आणि लगेच बंद करा," ते म्हणाले, कारण त्यांना तीनचा तास होता आणि खडू सापडत नव्हते. मला एकच आकडा बघायचा होता, एकोणीस. माझा निबंध ज्या नियतकालिकाकडे गेला होता, तिथल्या कुणा अनोळखी परीक्षकाने शेरा मारला होता: उत्तरदाता एकोणीस हा खरोखर एकच माणूस आहे, की एकाच संगणकावरून लिहिणारी दोन माणसं आहेत, हे तपासलं आहे का? शंका रास्त होती. मलाच आधी सुचायला हवी होती, या विचाराने सकाळपासून माझा पापड मोडला होता. मी यादीवरून बोट खाली आणलं. सतरा, अठरा. एकोणीस या आकड्यासमोर माझ्या नवऱ्याचं नाव होतं. पुढच्या रकान्यात संमतीची सही, ती ओढून लिहिलेली, शेवटी खाली शेपूट असलेली, जी मी बावीस वर्षं घराच्या कागदांवर बघत आले. "सापडलं?" सर म्हणाले. "सापडलं." "एकच माणूस आहे ना?" "एकच आहे." "मग झालं तर! तुमचा पेपर लागला म्हणायचा. आता पेढे नाही तर निदान चहा तरी पाजा." मी हसले. खरंच हसले. नंतर सही केली, तारीख घातली आणि पाकिटाचा फाटका कोपरा चिकटपट्टीने नीट बंद केला.

माझं काम काय, ते चारचौघांत सांगायची वेळ आली की मी म्हणते, माणसं कामाच्या ठिकाणी एकमेकांना काय विचारतात, ते मी मोजते. नवरा रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायच्या खोलीत, त्याला सव्वीस वर्षं झाली. त्या कारखान्याने कामगारांसाठी एक आतल्या आत चालणारं समाजमाध्यम सुरू केलं. कुणीही काहीही विचारावं, कुणीही उत्तर द्यावं, सगळं साठून राहावं, म्हणजे जुनी माणसं निवृत्त झाली तरी त्यांच्या डोक्यातलं कारखान्यात राहील. कामगार त्याला भिंत म्हणायचे. 'भिंतीवर टाक', 'भिंतीवर बघ'. मला तीन वर्षांचे अकरा हजार चारशे संदेश मिळाले, नावं पुसलेले, शुद्धलेखन सुधारलेले, प्रत्येक माणसाच्या जागी आकडा. सुरुवातीलाच मी नवऱ्याला विचारलं होतं की तू आहेस का रे त्यात, असलास तर तुला वगळावं लागेल. तो चष्मा पुसत म्हणाला, "मी त्या भिंतीवर फिरकतसुद्धा नाही. मला ती बटणं बोटांनी सापडत नाहीत." मी सोडून दिलं. त्याचं खोटं बोलणं मला कधी ओळखता आलं नाही, कारण तो खोटं बोलतच नाही अशी माझी समजूत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणजे आधी जवळचं बघा. आम्ही म्हणजे मीच.

रस्त्यावर आले तेव्हा ऊन होतं. फुटपाथ उकरून पाइप टाकत होते, मातीच्या ढिगावरून फळी टाकली होती, तिच्यावरून जाताना एका बाईने मला हात दिला. मी इतकी म्हातारी दिसत होते की काय, कोण जाणे. डोक्यात तिसरा तक्ता होता. माझ्या निबंधाचा जीव त्या तिसऱ्या तक्त्यात होता. एकोणीस नंबरचा माणूस पहिल्या वर्षी फक्त उत्तरं द्यायचा, आणि काय उत्तरं! 'राखाडी हिरव्याकडे झुकत असेल तर चिमूटभर तांबडा. चमचाभर नाही, चिमूटभर. आणि ओल्या रंगावर मत देऊ नका. वाळू द्या, मग रंग लावलेली पट्टी खिडकीपाशी न्या.' ते वाचताना मला त्या माणसाबद्दल माया वाटायची. मग दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून तोच माणूस प्रश्न विचारायला लागला, आणि प्रश्न तेच, ज्यांची उत्तरं त्याने स्वतः दिली होती. राखाडी हिरवा मारतोय, काय घालावं? असे त्रेचाळीस प्रश्न. मी ते मोजले तेव्हा आनंदाने खुर्चीतून उठले होते. यावर माझा सगळा युक्तिवाद उभा राहिला: साठवलेलं ज्ञान म्हणजे वापरात असलेलं ज्ञान नव्हे. भिंतीवर सगळं आहे, पण ते परत कुणाला सापडत नाही, अगदी ज्याने लिहिलं त्यालाही नाही. संस्था विसरते. ही तीन वर्षं आणि त्याआधीची नऊ, एवढ्या काळात माझ्या हाताला लागलेली पहिली खरी गोष्ट होती ती. प्राध्यापकपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, आणि तिथे जे काही बोलणार होते ते एवढंच होतं.

आणि मी हे घरी सांगितलं होतं! जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही. जेवताना, वाढता वाढता, मी त्याला म्हटलं, "अरे, एक गंमत ऐक. एक माणूस आहे, पठ्ठ्या स्वतःच दिलेलं उत्तर दोन वर्षांनी स्वतःच विचारतोय. एकदा नाही, त्रेचाळीस वेळा!" मी हसले. तोही हसला. मला नीट आठवतंय, त्याने घास ताटात परत ठेवला आणि हसला. मग म्हणाला, "मग काय म्हणायचं त्याला?" मी म्हटलं, "त्याला कशाला काय म्हणायचं? त्याचा काय दोष? यंत्रणाच तशी आहे. माणूस नाही विसरत, संस्था विसरते." तो म्हणाला, "बरं झालं." मी विचारलं, काय बरं झालं? "काही नाही. संस्था विसरते हे बरं झालं." मला वाटलं, नेहमीसारखं अर्धवट ऐकतोय. मी चिडलेसुद्धा. माझं काम ऐकायला तुला कधी वेळ नसतो, असं काहीतरी बोलले. मातीच्या ढिगापलीकडे उभी राहून मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघत होते आणि प्रत्येक वेळी तो घास ताटात परत ठेवत होता.

मग मला दुसरी एक गोष्ट आठवली. भिंतीवर एक रीत होती. विचारून झालेला प्रश्न कुणी परत विचारला की लोक लिहायचे, 'वर बघा.' कधी नुसतं तेवढंच, कधी वर चिमटा काढून: 'वर बघा, डोळे आहेत ना?' असे सहाशे बारा 'वर बघा' मी मोजले होते. साहेबांनाही सोडलेलं नव्हतं. फक्त एकोणिसाला एकदाही कुणी 'वर बघा' म्हटलं नव्हतं. त्रेचाळीस वेळा त्याने विचारलं आणि त्रेचाळीस वेळा कुणीतरी पूर्ण उत्तर लिहिलं, जणू प्रश्न आजच पहिल्यांदा आला. चिमूटभर तांबडा घाला. वाळू द्या. खिडकीपाशी न्या. त्याचेच शब्द त्याला परत. कधी सात नंबर, कधी तीस, कधी बावन्न. हे विचित्र आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तळटीपही दिली होती: ज्येष्ठतेमुळे मिळणारी सवलत असावी. तळटीप! सगळा कारखाना माझ्या नवऱ्याला हातावर झेलत होता आणि मी त्याला तळटीप दिली.

घरी मी काय करत होते? घरी मी म्हणत होते, "आत्ताच सांगितलं ना!" दिवसातून किती वेळा, ते मोजलेलं नाही. दूधवाल्याला काय सांगायचंय, आत्ताच सांगितलं. ताईचा फोन कधी येणार, आत्ताच सांगितलं. अरे, पालथ्या घड्यावर पाणी आहे का, लक्ष कुठे असतं तुझं? आणि गेल्या वर्षभरात त्याने विचारणंच कमी केलं होतं. मला वाटलं, सुधारला.

मी कारखान्याच्या फाटकाशी साडेचारला पोचले. पाचला पाळी सुटते. पहारेकऱ्याने स्टूल दिलं. आत कुठेतरी डबे बंद करायचं यंत्र ठक ठक करत होतं आणि हवेत तो गोडसर, नाकात बसणारा वास होता, जो त्याच्या शर्टांना येतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. पॅकिंग विभागातल्या मुकादम बाई बाहेर आल्या. पाहणीच्या वेळी त्यांच्याशी माझी ओळख झाली होती. ठेंगण्या, करारी, कानाला नेहमी पेन्सिल. त्या माझ्याकडे बघून थबकल्या आणि एकदम शेजारीच येऊन बसल्या. मी काहीच विचारलं नव्हतं. "न्यायला आलात?" "हो." "बरं केलंत. मीच तुम्हाला सांगणार होते, हल्ली एकटं सोडू नका. परवा चुकून मागच्या फाटकाकडे गेले होते." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला मान खाली घालावी लागली. "दीड वर्ष झालं, बाई. सगळ्यांना माहीत आहे. वर ऑफिसात तेवढं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांची नजर अजून पक्की आहे हो, पट्टी बघून छटा अचूक सांगतात, फक्त काय घालायचं ते आठवत नाही. ते आम्ही सांगतो. आमचं आम्हाला त्यांनीच शिकवलेलं आहे, त्यांना परत सांगायला काय जातंय? एक डबा चुकीचा गेलेला नाही, प्रत्येक पट्टी मी स्वतः बघते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, निघून जातील." "मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "मी बायको आहे त्यांची!" मुकादम बाईंनी पेन्सिल कानावरून काढली, परत लावली. "तुम्ही रोज भिंत वाचता ना," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय."

अकरा हजार चारशे संदेश. दिवसाला साठ, ऐंशी. प्रत्येक संदेश वाचायचा आणि रकान्यात टाकायचा: प्रश्न, उत्तर, पुनरुक्ती, अवांतर. अवांतर म्हणजे वाढदिवस, सुट्ट्या, टवाळी, ज्याचा कामाशी संबंध नाही ते. अवांतर मी शेवटी गाळून टाकलं होतं. त्या स्टुलावर बसल्या बसल्या पिशवीतून संगणक काढला, मांडीवर ठेवला आणि गाळलेल्यातलं एकोणीस शोधलं. नऊ संदेश होते. दोन कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाबद्दल. एक: 'घरी जायची बस कुठल्या बाजूला थांबते, हल्ली बदलली आहे काय?' खाली उत्तर, तीस नंबरचं: 'मी पण तिकडेच जातो, माझ्याबरोबर चला.' तीस नंबर कुठे राहतो मला माहीत नाही, पण तो रोज आमच्या बाजूला येत होता. मग एक संदेश मागच्या वर्षीचा: 'घरी विचारलं की आत्ताच सांगितलं म्हणतात. तिचंही बरोबर आहे, तिच्या डोक्याला फार काम असतं. इथे विचारलं तर चालेल ना?' आणि सात नंबरचं उत्तर: 'विचारा की. भिंत आहे ती, कंटाळत नाही.' समोर माझ्याच हाताने लिहिलेला शेरा होता, अवांतर. संगणक वेळेची नोंद ठेवतो. हा संदेश वाचून रकान्यात टाकायला मला अकरा सेकंद लागले होते. मी फाटकाशी बसून रडले. पहारेकरी पाणी घेऊन आला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

पाचला तो बाहेर आला. केस विंचरलेले, शर्ट बदललेला, डबा हातात. माझ्या अंगावरून थोडा पुढे गेला आणि मग वळला, चेहरा उजळला. "अगं, तू? आज इकडे कशी काय?" "तुला न्यायला." "वा! काय विशेष?" "काही नाही, लवकर सुटले." सकाळी मी त्याला सांगितलं होतं की आज यादीचं पाकीट उघडणार आहे. तेव्हा बुटाची नाडी बांधता बांधता त्याचे हात थांबले होते आणि तो म्हणाला होता, "उघडायलाच हवं का?" आता त्याला ते काहीच आठवत नव्हतं. आम्ही कारखान्याच्या कुंपणाच्या कडेने चालत होतो. पलीकडच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. वळणावर त्याने माझा हात धरला आणि आनंदाने म्हणाला, "आज इकडे कशी काय?" आत्ताच सां, एवढं माझ्या ओठांपर्यंत आलं. सवय हो, दुसरं काय! ते मी गिळलं. "तुला न्यायला आले," मी म्हटलं. "वा!" तो म्हणाला.

बागेच्या बाकावर बसल्यावर मी सांगून टाकलं. मला पोटात ठेवता येत नाही. "एकोणीस नंबर तू आहेस." तो बराच वेळ समोरच्या घसरगुंडीकडे बघत राहिला. तिचा निळा रंग उडाला होता. मला वाटलं, मनात छटा जुळवतोय. "मला वाटलं होतं तू ओळखशील," तो म्हणाला. "चिमूटभर वाचून. घरी भाजीत मीठ टाकतानासुद्धा म्हणतो मी." मग म्हणाला, "म्हणून तर सही केली मी त्या कागदावर. तोंडाने सांगवेना. म्हटलं, ही रोज वाचतेय, हिच्या ध्यानात येईल. मग त्या दिवशी तू जेवताना हसलीस, तेव्हा कळलं की नाही ओळखलं. मग वाटलं, बरंच आहे. तू इतकी खूश होतीस." "माझ्यावर रागव तरी," मी म्हटलं. "हातातलं काहीतरी फेक!" त्याने डब्याकडे पाहिलं. "डबा चांगला आहे गं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. बावीस वर्षांत मी त्याला रडताना एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. "मला माझे रंग आठवत नाहीत," तो म्हणाला. "दिसतात. नाव आठवत नाही."

निबंध मी चौथ्या दिवशी मागे घेतला. तसं लिहायला मार्ग होते, मी ते सगळे धुंडाळले. एकोणीस ठेवला तर ते धडधडीत खोटं. तो माणूस संस्था नव्हता. खरं लिहिलं तर वरच्या ऑफिसातला कुणीही दहा मिनिटांत ओळखेल की छटांच्या खोलीतला हा कोण, आणि मुकादम बाईंची मूठ मी उघडणार. एकोणीस गाळला तर तिसरा तक्ता उरत नाही, आणि तिसऱ्या तक्त्याशिवाय निबंध म्हणजे नुसती लांबलचक प्रस्तावना. 'संदेशांच्या वर्गीकरणात माझ्याकडून मूलभूत चूक झाली आहे,' एवढंच एक वाक्य संपादकांना पाठवलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, मुलाखत तोंडावर आली आणि आता? कसली चूक?" मी म्हटलं, "ओल्या रंगावर मत दिलं, सर." त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. मुलाखतीला मी गेले नाही. त्या जागेसाठी मी बारा वर्षं घासली होती, तेव्हा वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. खूप वाटलं. आंघोळीच्या खोलीत नळ सोडून मी त्या जागेसाठी वेगळी रडले. डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली. रजेचा अर्ज त्याने स्वतः लिहिला, एकही खाडाखोड न करता.

रविवारी दुपारी आम्ही भांडी आवरत होतो. मी घासत होते, तो पुसून फळीवर लावत होता. पेले नेहमीच्या जागी, ताटं उतरत्या आकाराने. हातांना सगळं ठाऊक आहे. "तुझ्या त्या पेपरचं काय झालं गं?" तो म्हणाला. "मागे घेतला." "अरेरे. का?" "चूक सापडली. माझी होती." "होतं असं," तो म्हणाला. "पुन्हा लिहिशील." दोन ताटं झाली. खिडकीतून शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येत होता. "पेपरचं काय झालं तुझ्या?" "मागे घेतला," मी म्हटलं, पहिल्यासारखंच, घाई न करता. "त्यात चूक सापडली. माझी होती." "अरेरे," तो म्हणाला, आणि ते अरेरे अगदी खरं होतं, ताजं होतं, त्याला नव्याने वाईट वाटलं होतं. भिंतीवरच्या लोकांनी हे त्रेचाळीस वेळा कसं केलं असेल? मला दोन वेळांतच धाप लागली होती. शेवटची कढई त्याच्या हातात दिली. त्याने ती पुसली, उजेडात धरून पाहिली, परत पुसली. मग तिसऱ्यांदा माझ्याकडे वळला. "हो गं, तुझ्या त्या पेपरचं," आणि तिथेच अडखळला. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याचा हात कढईवर थांबला. "मी हे आधी विचारलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग रडतेस का?"

"पहिल्यांदाच विचारलंस ना," मी म्हटलं, "म्हणून."